ब्लाँदँच्या पाठीवरचा माणूस

लंबक:

काल रात्री झोप येत नव्हती म्हणून जुनी चित्रं चाळत बसलो होतो. त्यातल्या एका चित्राने पुढे सरकूच दिलं नाही. खोल घळ, या काठापासून त्या काठापर्यंत गेलेला एक दोर, दोरावर एक माणूस. त्याच्या हातात लांबलचक काठी आणि पाठीवर कोट घातलेला दुसरा माणूस.

काठीवाल्याचं नाव बऱ्याच जणांना माहीत असेल. शार्ल ब्लाँदँ (इंग्रज त्याला ब्लॉन्डिन म्हणत, तुम्हाला हवं ते म्हणा). खरं नाव झाँ-फ्राँस्वा ग्राव्हले, जन्म १८२४, फ्रान्स. पाचव्या वर्षी कसरतीच्या शाळेत घातलेला पोरगा. ३० जून १८५९ ला त्याने नायगाराची घळ दोरावरून चालत ओलांडली आणि एका संध्याकाळीत जगप्रसिद्ध झाला.

पाठीवरचा कोण, हे मात्र कुणी विचारत नाही. तो हॅरी कोलकॉर्ड, ब्लाँदँचा मॅनेजर. हा धागा खरं तर त्याच्यासाठी काढलाय.

आधी एक गैरसमज दूर करतो. ब्लाँदँ धबधब्यावरून चालला नाही. धबधब्याच्या खालच्या अंगाला नदी ज्या खोल घळीतून वाहते, तिच्यावरून चालला. दोराची लांबी सुमारे ११०० फूट, पाण्यापासून उंची १६० फूट, म्हणजे पंधरा-सोळा मजले. मनगटाएवढा जाड मनिला दोर. तो झुलू नये म्हणून दर वीस फुटांवर बारीक ताणदोर बांधून दोन्ही काठांवरच्या खुंटांना नेलेले. लांबून कोळ्याचं जाळं वाटावं असं. पण ऐन मधला पन्नासेक फुटांचा भाग मोकळाच राहिला होता, कारण तिथून ताण द्यायला जागाच नव्हती. दोराला सगळ्यात जास्त झोळ नेमका तिथे.

पहिल्याच फेरीत या पठ्ठ्याने काय केलं? काही अंतर गेल्यावर दोरावर बसला, खाली थांबलेल्या 'मेड ऑफ द मिस्ट' बोटीकडे दोरी सोडली, वाइनची बाटली वर ओढून घेतली, प्याला, उठला, मधला झोळ पार केला आणि पुढे चक्क धावत सुटला. परत येताना पाठीवर कॅमेरा. वाटेत थांबून, तिकाटणं दोरावर रोवून काठावरच्या गर्दीचा फोटो काढला. त्या उन्हाळ्यात पुढे उलट्या पावली, डोळे बांधून, पोत्यात शिरून, ढकलगाडी ढकलत अशा फेऱ्या झाल्या. एकदा शेगडी पाठीला बांधून नेली आणि मध्यावर बसून ऑम्लेट केलं.

आणि ऑगस्टमध्ये त्याने कोलकॉर्डला पाठीवर घेतलं.

ब्लाँदँचं वजन १४० पौंड, म्हणजे ६३-६४ किलो. कोलकॉर्ड साधारण तेवढाच, उलट किंचित जडच. निघण्यापूर्वी ब्लाँदँने त्याला जे बजावलं त्याचा मथितार्थ असा: तू स्वतःचा तोल अजिबात सावरू नकोस. मी झुकलो की तूही झुक. आता तू कोलकॉर्ड नाहीस, माझाच एक भाग आहेस.

म्हणायला सोपं आहे. पाय घसरला की शरीर आपोआप सावरतं, ते थांबवायचं कसं?

त्याहून भयंकर पुढे. एवढं ओझं घेऊन ब्लाँदँला सलग चालवेना. वाटेत अनेकदा कोलकॉर्डला पाठीवरून उतरावं लागलं. उतरणार कुठे? त्याच दोरावर. एक पाय चाचपडत खाली सोडायचा, तळव्याला दोर लागला की दुसरा पाय, मग पुढच्याचे खांदे धरून उभं राहायचं. पुढच्याचा दम परत येईपर्यंत. मग पुन्हा त्याच्या पाठीवर चढायचं, आणि चढताना त्याला धक्का लागता कामा नये.

ब्लाँदँसाठी दोर म्हणजे रोजचं ऑफिस होतं. तो आयुष्यात पडून मेला नाही, १८९७ मध्ये लंडनजवळच्या आपल्या घरी मधुमेहाने गेला. घराचं नाव 'नायगारा हाउस'. म्हणून मला वाटतं की धाडस हा शब्द ब्लाँदँपेक्षा कोलकॉर्डला जास्त शोभतो. ज्याला काही येत नव्हतं आणि तरी जो गेला.

पटतंय का?

गवती_चहा:

मस्त लिहिलंय. मॅनेजर पाठीवर बसतो यात नवीन काय ते कळलं नाही. आमचेही बसतात, फक्त दोर आमचा, काठी आमची आणि फोटोत ते पुढे.

निमूट:

वाचताना तळव्यांना घाम आला. कोलकॉर्ड उतरतो तो परिच्छेद दोनदा वाचला, तिसऱ्यांदा वाचणार नाही.

तिरपागडं:

मी जरा उलटं बोलतो. ब्लाँदँ काय नि कोलकॉर्ड काय, यात कला कसली? काठावर हजारोंची गर्दी होती ती चालणं बघायला नव्हती, पडणं बघायला होती. तो पडला नाही म्हणून आपण 'कला' म्हणतो, पडला असता तर 'मूर्खपणा' म्हटलं असतं. गायकाचा सूर चुकला तर तो मरत नाही, तरी गाणं कला असतं. इथे मरणाची शक्यता काढून घेतली तर उरतं काय? जमिनीपासून दोन फुटांवर तोच दोर बांधा, कोण तिकीट काढेल?

खलाशी:

@तिरपागडं, दोन फुटांवर बांधायला या कधी तरी. माझं पोट वायर रोपवर, म्हणजे पोलादी तारा वळून केलेल्या दोरावर, चालतं. क्रेन, विंच, स्लिंग, शॅकल यांत वीस वर्षं गेली. त्यामुळे असली चित्रं बघताना माझं लक्ष माणसाकडे जातच नाही, दोराच्या टोकाकडे जातं.

एक साधा हिशेब सांगतो. दोन खांबांत ४० मीटरचं अंतर आहे आणि मधोमध १०० किलोचा माणूस उभा आहे. दोर १ मीटर खाली दबू दिला तर दोरात साधारण १ टनाचा ताण येतो. तुम्हाला वाटलं एवढा झोळ नको, अर्धाच मीटर दबू दे. ताण २ टन. पाव मीटर म्हणालात तर ४ टन. दोर जितका सरळ हवा, तितका तो दोन्हीकडचे खांब उपटायला बघतो. ही ओढ माणसाच्या वजनाची नाही, माणसाने मागितलेल्या सरळपणाची आहे. नवीन पोरांना हे पटवताना तोंडाला फेस येतो.

ब्लाँदँच्या वेळी तर दोराचं स्वतःचं वजनच एवढं की तो पूर्ण ताणणं अशक्य. म्हणजे या काठावरून उतार, मग मध्य, मग चढ. पाठीवर माणूस घेऊन तो चढ चढलेला आहे. लंबकरावांनी हे लिहायला हवं होतं.

आणि ताणदोर. दोर खालीवर हलतो ते सगळ्यांना दिसतं. आडवा झुलतो तेही दिसतं. पण वायर रोप स्वतःभोवती पीळ खातो, ते लांबून दिसत नाही. पायाखालची जमीन गोल फिरतेय अशी कल्पना करा. ताणदोर मुख्यतः आडवं झुलणं आणि हा पीळ रोखायला असतात. म्हणून ही सगळी कला वर चालणाऱ्या एकट्याची नाही. खाली खुंट ठोकणाऱ्याचीही आहे, आणि त्याचं नाव तर कोलकॉर्डएवढंसुद्धा कुणाला माहीत नसतं.

लंबक:

खलाशीकाका, चढाचं खरंच राहिलं. आता मूळ लेखात घालत नाही, तुमच्या प्रतिसादातच शोभतंय.

निमूट:

एक बाळबोध शंका. ती लांब काठी नेमकं काय करते? लहानपणापासून 'तोल सांभाळते' एवढंच ऐकलंय. कशी?

आवळासुपारी:

@निमूट, शिकवणीत हाच प्रश्न विचारते मी, त्यामुळे उत्तर तयार आहे.

काठीची दोन कामं. पहिलं, पडणं हळू करणं. कुठलीही वस्तू कलंडायला किती वेळ घेते हे तिचं वजन मधल्या रेषेपासून किती लांब पसरलंय यावर ठरतं. ६४ किलोचा माणूस दोरावर उभा आहे असं धरा. त्याच्या हातात १८ किलोची, ९ मीटर लांब काठी द्या. ब्लाँदँची साधारण अशीच होती. वजन पाव-एक पटीनेच वाढलं, पण कलंडण्याला होणारा विरोध ढोबळ हिशेबाने तिपटीच्या वर जातो, कारण काठीची टोकं साडेचार-साडेचार मीटर लांब आहेत. परिणाम असा की तोल गेल्याचं कळणं आणि तो परत आणणं यासाठी जास्त वेळ मिळतो. हा वेळ सेकंदाच्या अंशात असतो, पण तेवढाच तर हवा असतो.

दुसरं काम गमतीचं आहे. डावीकडे तोल गेला तर काठी कुठे फिरवायची? बहुतेक जण म्हणतात उजवीकडे. चूक. काठीचं डावं टोक खाली दाबायचं, म्हणजे ज्या बाजूला पडतोय त्याच बाजूला काठी फिरवायची. त्याची उलट प्रतिक्रिया शरीराला उजवीकडे ढकलते. कठड्यावर तोल गेला की आपण हात गरागरा फिरवतो ना, तेच, फक्त सावकाश आणि रुबाबात.

शिवाय लांब काठी वाकते, टोकं खाली झुकतात. त्यामुळे गुरुत्वमध्य थोडा खाली येतो. पण 'गुरुत्वमध्य दोराच्या खाली जातो म्हणून माणूस पडूच शकत नाही' असं जे काही ठिकाणी लिहिलेलं असतं ते अशा काठीबाबत खरं नाही. तेवढं खाली आणायला टोकांना भलतंच वजन लटकवावं लागेल.

सावनी:

मी स्लॅकलाइन करते. आमचा तो पॉलिएस्टरचा इंचभर रुंद पट्टा, दोन झाडांना बांधलेला, उंची गुडघ्याएवढी. काठी नाही, नुसते हात. तर @तिरपागडं यांचा 'दोन फुटांवर कोण तिकीट काढेल' हा प्रश्न मला अगदी जवळचा आहे.

पहिल्या दिवशीचं सांगते. उजवा पाय पट्ट्यावर ठेवला, डाव्याने रेटा देऊन उभी राहिले, आणि उजवा पाय शिलाई मशीनच्या सुईसारखा धडधडायला लागला. मला वाटलं पट्टा हलतोय. शिकवणारी म्हणाली, पट्टा मेल्यासारखा पडलाय, हलतेयस तू. मी पाय घट्ट करून ती थरथर थांबवायला गेले तर ती दुप्पट झाली. तीन आठवडे रोज हेच. एके दिवशी गुडघा सैल सोडला, पायाकडे बघणं बंद केलं, समोरच्या झाडावरच्या गाठीवर नजर लावली आणि थरथर जशी आली तशी गेली. एक पाऊल पडलं. दुसऱ्याला मी खाली.

ब्लाँदँने कोलकॉर्डला जे सांगितलं ना, 'तू सावरू नकोस', ते माझ्यासाठी अजिबात गूढ नाही. सावरायला गेलं की पडतो हे पहिल्या दिवशी समजतं. शरीराच्या गळी ते उतरायला मात्र महिने लागतात. कोलकॉर्डला महिने मिळाले होते का?

(भाचा शेजारी बसून वाचतोय. त्याने तीन दिवसांत पाच पावलं टाकली. अकरा वर्षांचा आहे. त्याच्याशी बोलत नाहीये मी.)

चकवाचांदणी:

पुरुषांचं बरंच झालं. मारिया स्पेल्तेरिनीचं नाव कुणी घेणार आहे का? इटलीची बाई, जुलै १८७६, तीच नायगाराची घळ. नायगारा घळ दोरावरून ओलांडणारी एकमेव स्त्री. पहिल्या फेरीनंतर काही दिवसांनी पायांना पीच फळांच्या टोपल्या बांधून गेली. मग डोळे झाकून. मग हातापायांत बेड्या घालून.

सावनीचं वाचल्यावर टोपल्यांचं महत्त्व कळलं. तळव्याला दोर लागत असेल तर निदान तो कुठे आहे ते तरी समजतं. टोपलीच्या बुडाखाली दोर नेमका कुठे आहे हे कशावरून कळत असेल?

आणि तिच्याही आधीची मादाम साकी. नेपोलियनच्या काळातली. लंडनच्या व्हॉक्सहॉल बागेत १८१६ मध्ये शोभेची दारू उडत असताना ती तिरप्या दोरावरून चढत जायची.

गवती_चहा:

नायगारावरच १८६० मध्ये फारीनी नावाचा एक प्रतिस्पर्धी उगवला होता. खरं नाव विल्यम हंट, कॅनडातला. ब्लाँदँने शेगडी नेली म्हणून याने कपडे धुण्याचं यंत्र पाठीला बांधून नेलं आणि मध्यावर बायकांचे हातरुमाल धुतले. स्पर्धा अशी असावी.

तिरपागडं:

@चकवाचांदणी, बायकांचाच विषय निघालाय तर हेही लिहा. २० जुलै १८६३, बर्मिंगहॅमजवळचं अॅस्टन पार्क. 'स्त्री ब्लाँदँ' म्हणून जाहिरात केलेली एक बाई, दिवस भरत आलेली गरोदर, दोरावर चढली. दोर तुटला, जागीच गेली. राणी व्हिक्टोरियाने तिथल्या महापौरांकडे पत्र धाडून नाराजी कळवली, की माझ्या प्रजेतल्या एका स्त्रीचा अशा करमणुकीसाठी बळी जावा.

त्याआधी दोनच वर्षं, १८६१ मध्ये, खुद्द ब्लाँदँ लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये स्वतःच्या पाच वर्षांच्या मुलीला ढकलगाडीत बसवून दोरावर घेऊन गेला होता. शेवटी गृहमंत्र्याला मध्ये पडून ते थांबवावं लागलं. कोलकॉर्ड मोठा माणूस होता, विचार करून चढला. त्या मुलीला कोणी विचारलं होतं? तुम्ही धाडसाचं माप काढताय, मी म्हणतो पाठीवर आणि गाडीत कोणाला बसवायचं हे ठरवणाराच्या धंद्याचं माप काढा.

लंबक:

मुलीचं मला माहीत होतं आणि मी ते मुद्दाम लिहिलं नाही. ब्लाँदँ आवडतो म्हणून. चूक झाली. तुमचा मुद्दा बिनतोड आहे.

अॅस्टन पार्कबद्दल मात्र एक. ती बाई धाडसापायी गेली नाही, खराब दोरापायी गेली. खलाशीकाका म्हणतात ते हेच.

खलाशी:

हो. आमच्या कामात असं एक तरी मरण प्रत्येकाने पाहिलेलं असतं किंवा थोडक्यात चुकलेलं असतं. एका जुन्या कामावर (कुठलं ते सोडा) वायर रोपचे क्लॅम्प उलटे लावलेले मी संध्याकाळी पाहिले. क्लॅम्पची नाल, म्हणजे इंग्रजी U सारखी वाकलेली कडी, नेहमी दोराच्या मोकळ्या टोकावर बसायला हवी, भार घेणाऱ्या बाजूवर नाही. तिथे सगळ्या उलट्या होत्या. सकाळपासून त्यावर माल चढत होता. लावणारा मुलगा म्हणाला, 'काका, घट्ट तर आहेत ना?' घट्ट होत्याच. चुकीच्या जागी घट्ट होत्या.

कार्ल वालेंडा याच कारणाने गेला. २२ मार्च १९७८, पोर्तो रिकोतलं सान हुआन, समुद्रकाठच्या एका हॉटेलच्या दोन इमारतींमध्ये ताणलेली तार, १२० फुटांवर. वय ७३. वारा जोराचा होताच, पण त्याच्या घरच्यांचं म्हणणं असं की ताणदोर चुकीचे जोडले होते. चलच्चित्र आहे त्याचं. तार डोलायला लागल्यावर तो खाली बसायला बघतो. मी एकदा पाहिलं, पुन्हा नाही.

निमूट:

वालेंडा म्हणजे सात जणांचा मनोरा करणारे तेच ना?

चकवाचांदणी:

तेच. तारेवर चार जण, त्यांच्या खांद्यांवरच्या दांड्यांवर दोघे, त्या दोघांच्या वर दांडीवर ठेवलेल्या खुर्चीत एक मुलगी. खाली जाळी नाही. ३० जानेवारी १९६२, डेट्रॉइट. सगळ्यात पुढच्याच्या हातून काठी सुटत गेली आणि मनोरा ढासळला. दोघे मेले, त्यातला एक कार्लचा जावई. मुलगा मारिओ कमरेखाली कायमचा लुळा. कार्ल स्वतः तारेवर आपटला आणि कोसळणाऱ्या त्या मुलीला त्याने धरून ठेवलं, खाली लोकांनी काहीतरी ताणून धरेपर्यंत. ती वाचली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा खेळ केला. यावर काय बोलायचं मला कळत नाही. आपण 'तारेवरची कसरत' हा शब्द महिनाअखेरच्या हिशेबाला वापरतो.

आवळासुपारी:

त्याचाच पणतू निक वालेंडा. १५ जून २०१२ ला तो खऱ्या अर्थाने नायगारा धबधब्यावरून गेला, घळीवरून नाही, थेट धबधब्याच्या माथ्यावरून, १८०० फूट. तिथे मधे ताणदोर बांधणं शक्यच नव्हतं, म्हणून तारेला पीळ बसू नये यासाठी खाली लंबक टांगले होते. (धागाकर्त्यांनी नोंद घ्यावी.) बुटांचे तळ मऊ चामड्याचे, आईने शिवलेले. पलीकडे कॅनडाच्या हद्दीत पोचल्यावर अधिकाऱ्याने पासपोर्ट मागितला आणि याने भिजू नये म्हणून गुंडाळून आणलेला तो काढून दाखवला.

पण कमरेला सुरक्षा-दोर होता. दाखवणाऱ्या टीव्ही वाहिनीची अट. तो नाखूश होता. पुढच्याच वर्षी लिटल कोलोराडोच्या दरीवरून, १५०० फुटांवर, सुरक्षा-दोराशिवाय गेला. प्रश्न असा, २०१२ ची फेरी त्यामुळे कमी ठरते का?

तिरपागडं:

माझ्या मते उलट, तीच एक खरी. मरणाचा बाजार वगळून उरलं ते फक्त चालणं.

सावनी:

उंचावर पट्टा बांधून चालणारे आमच्यातले बहुतेक सगळे कमरेला दोरी लावतात. कुणाला त्यात कमीपणा वाटत नाही. पडतात, लटकतात, पट्ट्यावर परत चढतात, पुन्हा चालतात. दिवसातून वीस वेळा. मला वाटतं पडायची मुभा असेल तरच माणूस नवीन काही करून बघतो.

आवळासुपारी:

मार्कस ऑरेलियसची गोष्ट आठवली. रोममध्ये दोरावरून एक मुलगा पडला, तेव्हा सम्राटाने हुकूम काढला की दोराखाली गाद्या घालाव्यात. पुढे गाद्यांच्या जागी जाळी आली. म्हणजे हा वाद निदान अठराशे वर्षांचा आहे, आपण आज रात्रीत संपवणार नाही.

लंबक:

ब्लाँदँ जाळीच्या विरुद्ध होता. पडण्याची तयारी ठेवली की पडणं ओढवतं, अशी त्याची समजूत. मला ते मानसशास्त्र कळतं. पण अॅस्टन पार्कच्या बाईला कोणी विचारलं असतं तर तिने काय सांगितलं असतं?

निमूट:

फिलिप पेतीवर कोणीच लिहिलं नाही. कसं काय?

खलाशी:

मी वाट बघत होतो कोणी नाव काढतंय का.

७ ऑगस्ट १९७४, न्यूयॉर्क, जुळे मनोरे, सुमारे ४०० मीटर उंची. २४ वर्षांचा पोरगा, पाऊण तास, आठ फेऱ्या. तारेवर बसला, आडवा झाला, गुडघ्यावर टेकून सलाम केला. हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला त्याच्या आदल्या रात्रीचं कौतुक.

परवानगी नाही, सगळं चोरून. एका मनोऱ्यावरून दुसऱ्यावर पहिला धागा न्यायचा कसा? धनुष्यबाणाने. बाणाला मासेमारीची तंगूस, तंगुशीला जरा जाड दोरी, तिला आणखी जाड, आणि शेवटी पोलादी तार. तार ओढताना ती हातातून निसटत सुटली आणि दोन इमारतींच्या मधे खाली लोंबली. ४०० मीटर वर, अंधारात, पोलादी तार हाताने परत वर खेचायची, तीही आवाज न करता. रात्रभर ओढत होते. ज्या पोराने पहाटे तिच्यावर चालायचं होतं तोच रात्रभर ती ओढत होता. शिफ्ट संपवून कोणी नाचतं का? हा नाचला.

त्यातले दोन ताणदोर... त्याला फ्रेंच लोक काव्हालेत्ती की काय म्हणतात... ते बांधणं हा वेगळाच धागा होईल.

चकवाचांदणी:

त्याला ही इमारत पहिल्यांदा कुठे दिसली माहितीये? दंतवैद्याकडे नंबर येण्याची वाट बघताना, मासिकात. तेव्हा मनोरे पुरे बांधूनही झाले नव्हते. मी दंतवैद्याकडे बसते तेव्हा मला फक्त आतला आवाज ऐकू येतो.

शिक्षा काय झाली, तर गुन्हे मागे घेतले आणि त्या बदल्यात मुलांसाठी बागेत एक खेळ कर म्हणाले. @तिरपागडं, तुमचा 'दोन फुटांवरचा' खेळ तो हाच, थोडा उंच.

तिरपागडं:

त्याचं तिकीट मी काढलं असतं. घ्या, हरलो. मुलीच्या ढकलगाडीवर मात्र हरलेलो नाही.

गवती_चहा:

इतके प्रतिसाद झाले, पण मूळ प्रश्न तसाच राहिला. ते ऑम्लेट खाल्लं कोणी?

लंबक:

दोरीने खाली 'मेड ऑफ द मिस्ट'वर सोडलं, बोटीतल्या प्रवाशांनी खाल्लं. पहिल्या फेरीत बोटीतून बाटली वर गेली होती, त्याची परतफेड समजा.

गवती_चहा:

१६० फूट खाली येईपर्यंत गार झालं असणार. असो. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

सावनी:

आज सकाळची हकीकत. आवळासुपारी यांचं वाचून एक लांब बांबू मिळवला आणि पट्ट्यावर उभी राहिले. डावीकडे गेले, डावं टोक दाबलं. खरंच ढकललं हो मला उजवीकडे. नऊ पावलं. आजवरचा विक्रम.

मग भाच्याने हा सगळा धागा पहिल्यापासून वाचून काढला आणि म्हणाला, मावशी, मला पाठीवर घे ना. मी म्हटलं अजिबात नाही. तर म्हणतो, मग तू माझ्या पाठीवर बस.